सांध्यावर अडलेलं वाचन

तिसरी-चौथीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेतल्या नुसत्या सूचना बघा. ‘रिकाम्या जागा भरा.’ ‘जोड्या लावा.’ ‘कंसातील योग्य शब्द निवडा.’ ‘खालील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.’ रिकामी हा शब्द मुलाला ठाऊक असतो, जोडी ठाऊक असते, कंस फळ्यावर काढून दाखवलेला असतो आणि खाली तर दोन वर्षांचं पोरही म्हणतं. पण कागदावर यातलं एकही त्या रूपात येत नाही. रिकामीचं रिकाम्या झालेलं असतं, जोडीच्या जोड्या, खालीचं खालील. घरात मराठी बोलली जाते त्या मुलाचा कान हे सगळं शाळेत येण्याआधीच रिचवून बसलेला असतो. ज्याच्या घरी भोजपुरी, उर्दू, तमिळ नाहीतर गुजराती आहे ते मूल प्रश्नापर्यंत पोचतच नाही, सूचनेतच अडतं. प्रगतिपुस्तकात मग शेरा पडतो, ‘वाचन कच्चे’.

मुंबईत अशी मुलं अपवादाने भेटत नाहीत, वर्गच्या वर्ग त्यांचे असतात. महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. म्हणजे गोवंडीच्या उर्दू शाळेतलं मूल, धारावीतलं तमिळ घरातलं मूल आणि जवळ आहे म्हणून मराठी माध्यमात घातलेलं जौनपूरकडचं मूल, सगळी मराठी वाचायला बसतात. त्यांना मुळाक्षरं शिकवली जातात, बाराखडी घोटून घेतली जाते, जोडाक्षरांचे तक्ते लावले जातात. शब्द कसा बांधलेला असतो, हे मात्र कोणी दाखवत नाही. ते व्याकरणाचं काम, पाचवी-सहावीला बघू, असं धरून चाललेलं असतं. तोवर उशीर होतो.

‘दवाखान्यासमोरच्या गल्लीत’ यातला पहिला शब्द घ्या. अक्षरं आठ : द, वा, खा, न्या, स, मो, र, च्या. अक्षर-अक्षर लावत जाणारं मूल ‘च्या’पाशी येतं तेव्हा ‘दवा’ त्याच्या डोक्यातून गळालेलं असतं. मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, किंवा सुरुवातीवरून अंदाज बांधून ‘दवाखाना’ म्हणून पुढे सटकतं. हाच शब्द दवाखान्या, समोर, च्या असा तीन तुकड्यांत दिसला तर पेलण्यासारखा आहे. तिन्ही तुकडे ओळखीचे आहेत आणि ‘समोर’ पूर्वी दहादा वाचलेला आहे. सराईत वाचक असंच वाचतो, फक्त आपण तसं वाचतो हे त्याला जाणवत नाही. म्हणून शिकवतानाही सुचत नाही.

कोणी म्हणेल, प्रत्यय तर आपण शिकवतोच. स-ला-ते, स-ला-ना-ते, ने-ए-शी, ऊन-हून, चा-ची-चे. ही पाठांतराची चौकट संस्कृतच्या धर्तीवरची, दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ सालच्या व्याकरणाइतकी तरी जुनी. तिची एक गंमत आहे. तिच्यात प्रत्यय सगळे आहेत, पण वाचणारं मूल जिथे ठेचकाळतं ती जागाच नाही. ‘ला’ वाचता न येणारं मूल तिसरीत सापडणार नाही. अडचण ‘ला’च्या आधी आहे. घरला होत नाही, घराला होतं. पाणीत होत नाही, पाण्यात होतं. शाळाला नाही, शाळेला. पाऊसात नाही, पावसात. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द जे रूप घेतो त्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. वर्गात आपण त्याला सांधा म्हणू. दुसरीच्या मुलाला तेवढं पुरतं.

आता हे सांधे लिपीत कसे दिसतात ते बघा, कारण खरी ग्यानबाची मेख तिथे आहे. पाणी-पाण्यात, डबा-डब्यात, रस्ता-रस्त्यावर, फळा-फळ्यावर, पुणे-पुण्याला, वही-वह्या, पिशवी-पिशव्या. प्रत्येक ठिकाणी मूळ शब्दात नसलेलं जोडाक्षर सांध्यावर उगवलेलं आहे आणि त्यातलं शेवटचं व्यंजन दर वेळी ‘य’ आहे. मराठी पाठ्यपुस्तकातलं कुठलंही पान उघडून या ‘य’च्या जोडाक्षरांवर पेन्सिलीने खुणा करा. निम्म्याहून अधिक ठिकाणी शब्दाचा सांधाच सापडेल. तरी शाळेत जोडाक्षरांचा धडा वेगळा आणि सामान्यरूपाचा वेगळा, मध्ये तीन वर्षांचं अंतर. ‘ण्या’ हे अक्षर तक्त्यावरून पाठ करणाऱ्या मुलाला ते कुठून आलं हे कळत नाही. ‘पाणी’तल्या ‘णी’चं ‘ण्या’ होताना एकदा डोळ्यांनी पाहिलं, की ‘गाण्यात’, ‘खाण्याला’, ‘लोण्याचा’ हे शब्द त्याला फारसे शिकवावे लागत नाहीत.

ऱ्य आणि र्य यांचं भांडणही इथेच मिटतं. सूर्य, कार्य, आश्चर्य यांत रफार आहे. किनाऱ्यावर, वाऱ्याने, भाकऱ्या, कचऱ्याचा यांत अर्धा र आडवा काढतात. मुलांना हे ‘असंच असतं’ म्हणून सांगितलं जातं आणि पुढे कित्येक मोठी माणसंही ते चुकतात. सांधा कळला तर नियम एका वाक्याचा आहे. ‘ऱ्या’ काढून तिथे रा, री किंवा रे ठेवल्यावर शब्द परत मिळत असेल, तर आडवा र. किनाऱ्या-किनारा, भाकऱ्या-भाकरी. ‘सूर्य’मधून काही परत मिळत नाही, म्हणून रफार. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे अनेक दरी. वऱ्हाड, तऱ्हा यांतला आडवा र ‘ह’च्या आधीचा, त्याचं बिऱ्हाड वेगळं.

मग घरच्या भाषेचं काय करायचं? वर्गात तिला सहसा चूक म्हणूनच जागा मिळते. ‘रस्तावर नाही रे, रस्त्यावर!’ पण हिंदी-उर्दू बोलणाऱ्या मुलाला शब्दाचं रूप बदलण्याची पूर्ण सवय असते. ते ‘रास्ता पर’ म्हणत नाही, ‘रास्ते पर’ म्हणतं. डिब्बे में, घोड़े पर, पंखे के नीचे. शेवटच्या ‘आ’चा ‘ए’ करणं त्याच्या जिभेवर बसलेलं आहे. फळ्यावर अशा जोड्या एकाखाली एक लिहायच्या :

रास्ते पर / रस्त्यावर
डिब्बे में / डब्यात
पंखे के नीचे / पंख्याखाली
दवाखाने के सामने / दवाखान्यासमोर

आणि विचारायचं, काय काय दिसतं? मुलं दोन गोष्टी काढतात. तिथे ‘ए’ आहे तिथे इथे ‘या’. आणि हिंदीत दोन-तीन शब्द सुटे, मराठीत सगळे चिकटलेले. दुसरी गोष्ट लहान वाटते, पण हिंदी घरातल्या मुलाला मराठी पान अवघड का दिसतं याचं अर्धं उत्तर तीच आहे. तुकडे त्याच्याकडे आहेत, मधली मोकळी जागा गेली आहे.

हा पूल सगळीकडे पोचत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. हिंदीत ‘घर में’ म्हणताना घर तसाच राहतो, ‘पानी में’ म्हणताना पानीही. म्हणून रस्ता-डब्याच्या गटात पटकन चालणारं मूल घराला, झाडावर, पाण्यात या गटात पुन्हा ‘घरला’, ‘पाणीत’ करतं. तिथे सराव जास्त द्यायचा. नेमका उलटा प्रकार तमिळ, तेलुगू, कन्नड घरांतल्या मुलांचा. तमिळमध्ये मरम् म्हणजे झाड, पण झाडात म्हणायचं तर मरत्तिल्. वीडु म्हणजे घर, घरात म्हणजे वीट्टिल्. तेलुगूत इल्लु-इंट्लो, कन्नडमध्ये मर-मरदल्लि. आधी शब्द बदलायचा आणि मग शेपूट चिकटवायचं ही रीत या मुलांच्या अंगवळणी पडलेली असते, वर त्यांच्याकडे ण आणि ळ तयार असतात. यांना सांधा समजवावा लागत नाही, मराठी सांध्याचे आकार तेवढे दाखवावे लागतात. गुजराती मूल ‘घरमां’ असं जोडूनच लिहितं आणि ‘घोडो’चं ‘घोडाने’ करतं, ते मधल्या पायरीवर.

उर्दू माध्यमातल्या मुलांपाशी आणखी एक बारकावा आहे. उर्दू लिपीत रे, दाल, वाव यांसारखी काही अक्षरं पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, त्यामुळे एकाच शब्दाच्या पोटात फटी असतात. शब्द कुठे संपला हे ती मुलं फटीवरून ठरवत नाहीत. देवनागरीत मात्र वरची रेघ अखंड असेल तिथवर एक शब्द. हे त्यांना तोंडाने सांगावं लागतं, ध आणि भ यांच्या डोक्यावर रेघ जराशी तुटते हेही दाखवावं लागतं. त्यांचं देणंही मोठं आहे. बे, ना, गैर, दार, खाना, खोर हे तुकडे त्यांच्या घरचे. बेफिकीर, नालायक, गैरहजर, दुकानदार, कारखाना, भांडखोर या शब्दांच्या तासाला उर्दू घरातल्या मुलाला फळ्यापाशी बोलवावं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून शिकावं.

साहित्य घरचंच. लग्नपत्रिकेच्या जाडीचा कागद, काळा मार्कर, सेलोटेप. बारा मूळ शब्दांच्या पट्ट्या आणि सुरुवातीला चारच शेपट्या : ला, त, वर, ने. पट्ट्यांची उंची तीन इंच, आणि प्रत्येक पट्टीवर वरून बरोबर एक इंचावर पेन्सिलीने रेघ मारून घ्यायची. शिरोरेघ त्या रेघेवरच आली पाहिजे. ही काळजी घेतली नाही तर पट्टी आणि शेपटी शेजारी ठेवल्यावर रेघा वरखाली होतात आणि मुलाला दोन शब्द दिसतात. मग सगळा खेळ फुकट.

कापताना एक नियम मोडायचा नाही. सुटी मात्रा कापायची नाही. इंग्रजीच्या पाहुण्या पद्धतीने ‘घर’ अधिक ‘ा’ अधिक ‘त’ असे तीन कपटे केलेले तक्ते दिसतात. पण काना हा देवनागरीत एकटा उभा राहत नाही आणि मुलाला तो वाचताही येत नाही. सांधा अक्षराच्या पोटात पडतो तेव्हा अख्खं अक्षर बदलून दाखवायचं. त्यासाठी झडप. ‘पाणी’ लिहिलेल्या पट्टीवर ‘णी’च्या डोक्यावर सेलोटेपने एक कपटा चिकटवायचा, त्यावर ‘ण्या’. कपटा वर असताना पाणी, खाली पाडला की पाण्या, आणि उजवीकडून ‘त’ सरकवला की पाण्यात. झडप वरच्या कडेला हवी, उजव्या कडेला चिकटवली तर शेपटीच्या आड येते. आणि ‘ण्या’ ‘णी’पेक्षा रुंद असतो, म्हणून ‘णी’नंतर बोटभर जागा सोडून शिरोरेघ तेवढी पुढे ओढून ठेवायची. घरच्या पट्टीवर ‘र’वर ‘रा’ची झडप, शाळाच्या पट्टीवर ‘ळा’वर ‘ळे’ची. फूल, मूल, पाऊस, माणूस यांना मात्र अख्ख्या शब्दाची झडप लागते, कारण फुलात ‘फू’ही ऱ्हस्व होतो आणि पावसात ‘ऊ’च उडून जातो.

झडप मुलानेच पाडायची. बाईंनी पाडून दाखवली तर तो तक्ता झाला.

क्रम महत्त्वाचा आहे. पहिला आठवडा न बदलणाऱ्या शब्दांचा : आई, नदी, वही, पाटी, खिडकी, खडू. आईला, नदीत, वहीत, पाटीवर, खडूने. शेपटी वेगळी ओळखता येणं एवढंच यात हवं आहे. मग घर, झाड, हात, दप्तर. मग शाळा-माळेच्या जातीतली स्त्रीलिंगी मंडळी, त्यात शाळेत आणि माळेत येतात. त्यानंतर ‘या’चा मोठा गट, आणि त्याला एक नाही तर दोन आठवडे द्यायचे. मग ऱ्या. मग फूल-दूध-मूल-पाऊस. शेवटी मासा, ससा, पैसा, कारण त्यांत ‘सा’चा ‘शा’ होतो आणि तिथे ‘य’ लिहायचा नसतो. माशांना म्हणजे मासळीला, माश्यांना म्हणजे घोंगावणाऱ्या माश्यांना, हा फरक मुलांना भलताच आवडतो. भिंत-भिंतीवर आणि वीट-विटेवर यांत कुठे ‘ई’ आणि कुठे ‘ए’ याला सोपा नियम नाही. तो शोधत बसू नये, शब्द जसे येतील तसे द्यावेत.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. पहिली तीन-चार मिनिटं नुसती तोंडी : खडू कुठाय? डब्यात. आता? डब्याखाली. आता? डब्यामागे. मग पाच मिनिटं पट्ट्या. राहिलेला वेळ सलग मजकूर वाचायचा, सहा-सात ओळींचा, ज्यात आजचा सांधा पाच-सहादा येतो. हा शेवटचा भाग गाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, कारण पट्ट्यांत वर्ग रमतो. पण शब्दाची फोड वाक्यात परत नेली नाही तर मुलं फोड करण्यात पटाईत होतात आणि वाचन होतं तिथेच राहतं. मुख्यतः इंग्रजी वाचनावरच्या अभ्यासांतही हेच दिसलं आहे. पीटर बोवर्स, जॉन कर्बी आणि डीकन यांनी २०१० साली २२ अभ्यासांचा एकत्रित ताळा मांडला. शब्दरचना शिकवण्याचा फायदा कच्च्या वाचकांना विशेष होतो, लहान मुलांना तो कमी होत नाही, आणि वाचनाच्या इतर शिकवणीत मिसळून दिलं तर जास्त होतो, असं त्यातून निघालं. तेव्हा पाचवीची वाट पाहण्यात अर्थ नाही. सगळी जोडाक्षरं आल्यावर बघू, असंही नाही. मात्र साधी व्यंजनं आणि काना-वेलांटी हाती नसलेल्या मुलापुढे झडपा ठेवून उपयोग नाही, त्याच्याशी फक्त तोंडी भाग खेळावा.

मुंबईच्या मुलांसाठी एक आयतं पान आहे, लोकलचा नकाशा. स्टेशनांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि प्रत्येकाला ‘ला’ लावून दोन ढीग पाडायचे, बदलणारी आणि न बदलणारी. कुर्ल्याला, ठाण्याला, वांद्र्याला, भायखळ्याला, कळव्याला, दिव्याला, मुंब्र्याला एकीकडे. दादरला, घाटकोपरला, मुलुंडला, अंधेरीला, डोंबिवलीला दुसरीकडे. पहिल्या ढिगातल्या मूळ नावांच्या शेवटी काय आहे? आ नाहीतर ए. हे पोरं पाच मिनिटांत शोधतात. एखादं विचारतं, घरचं घराला होतं तर दादरचं दादराला का नाही? विचारलं तर उत्तम. गावांची नावं ‘ला’ लागताना अंग चोरतात एवढं सांगून पुढे जावं. कोल्हापूरला, पण कोल्हापुरात, हे नंतर. इंग्रजी शब्दांचंही तसंच, बॅगेत आणि बॅगमध्ये दोन्ही चालतं, दोन्ही ऐकू येतं, त्यात कुणाला चूक ठरवू नये.

त्याच लोकलमध्ये घोषणा होते, ‘पुढील स्टेशन’. पुढचं म्हणजे पुढील. हा ‘ईल’ बोलण्यात जवळजवळ येत नाही आणि पुस्तकात पानोपानी येतो : खालील, वरील, आतील, घरातील, कंसातील. ज्या मुलाने गाडीत ‘पुढील’ हजारदा ऐकलं आहे त्याला ‘खालील प्रश्न’ उलगडायला एक तास लागतो. तो तास परीक्षेआधी जरूर द्यावा.

अनुस्वाराकडे जरा थांबायला हवं. मुलाला, मुलांना. घरात, घरांत. टिंब एवढंसं, पण ‘अनेक’ हा अर्थ त्या टिंबात आहे, आणि ‘घरांत’मधला तर बोलताना नीट ऐकूही येत नाही. हिंदी घरातल्या मुलाला सांगावं, तुझ्या ‘घरों में’मधलं ‘ओं’ इथे येऊन टिंब झालं आहे. लगेच पुढचा प्रश्न येतो, आजोबा तर एकच, मग ‘आजोबांना’वर टिंब का? सरांनी, बाईंचा, आजोबांना. मान द्यायचा तर मराठी एकाला अनेक करते. हे कळल्यावर मुलं टिंब शोधत वाचतात आणि लिहिताना विसरत नाहीत. निदान बाईंचं तरी.

बिघडतं कुठे? सगळ्यात आधी, फोड करायचा नाद लागतो आणि मुलं दिसेल ते फोडतात. बेडूकचे बे आणि डूक, अननसचे अन आणि नस, मसालाचा मसा आणि ला. हसून सोडून देऊ नये, हीच शिकवायची वेळ. घरात, दारात, परात, वरात हे चार शब्द फळ्यावर लिहून विचारायचं, यातले किती फुटतात? तपासायची रीत एकच : शेपटी बदलून बघ. घरात, घराला, घरावर. दारात, दाराला, दारावर. परात, पराला? छे. शेपटी बदलून अर्थ टिकला तर सांधा खरा. ‘बसला’ हा त्याहून पेचाचा. ‘बसला उशीर झाला म्हणून दादा पायरीवर बसला.’ दोन्ही सारखेच दिसतात, सारखेच ऐकू येतात. दादाच्या जागी ताई ठेवा. ताई बसली, पण उशीर बसलाच झाला.

दुसरा बिघाड रंगांचा. शेपट्या लाल, सांधे हिरवे, असे रंगीत उतारे सुरुवातीला मदत करतात. ते दोन आठवड्यांत मागे घ्यावे लागतात, कारण पुस्तकं काळ्या शाईत छापली जातात. तिसरा, उच्चारावरची अडवणूक. हिंदी घरातलं मूल ‘पान्यात’ म्हणेल. त्याला अर्थ कळला असेल, तर वाचन थांबवून ण घोटून घेऊ नये. ण आणि ळ यांचा सराव वेगळ्या वेळी. ‘रस्त्यावर’ छापलेलं असताना मूल ‘रस्तावर’ वाचतं तेव्हा त्याने शब्द ओळखला आहे, सांधा राहिला आहे. ‘रसतयावर’ वाचतं तेव्हा शब्दही ओळखलेला नाही. दोन्हींना एकच लाल फुली मिळते, हे काही बरं नाही. आणि उपसर्ग, प्रत्यय, सामान्यरूप ही नावं चौथीआधी काढूच नयेत.

चौथी-पाचवीत तुकड्यांची दुसरी जात येते. वर्ष-वार्षिक, समाज-सामाजिक, इतिहास-ऐतिहासिक, भूगोल-भौगोलिक. शेवटी ‘इक’ लागला की पहिल्या अक्षराचा स्वर फुगतो. वर्गीकरण, शहरीकरण, जलशुद्धीकरण यांतलं ‘करण’ म्हणजे तसं करणं. भूचर, जलचर, उभयचर यांतला ‘चर’ म्हणजे फिरणारा. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातले निम्मे अगडबंब शब्द याने उघडतात. इंग्रजीच्या तासालाही हीच नजर कामी येते. जम्प्ट, प्लेड, वॉन्टेड यांचे शेवट कानाला तीन तऱ्हांचे, पण लिहिताना तिन्हींना ई-डीच. साइनमधला मुका जी सिग्नेचरमध्ये बोलू लागतो. स्पेलिंग ध्वनीपेक्षा शब्दाच्या कुळाला जास्त धरून असतं, हे मराठीतले सांधे पाहिलेल्या मुलाला पटकन पटतं.

राहता राहिली परीक्षा. ‘पाण्यात’ विचारून उपयोग नाही, ते पाठ झालेलं असू शकतं. १९५८ साली जीन बर्को यांनी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एक मनचा प्राणी दाखवला, त्याचं नाव वग, आणि विचारलं, असे दोन असतील तर काय म्हणाल? तीच युक्ती मराठीत चालते. एक चित्र काढा, कुठल्याच प्राण्यासारखं नसलेलं. ‘हा टोमा. माशी उडत आली आणि या टोमा... कुठे बसली?’ ‘हा’ म्हणायला विसरू नका, लिंग कळलं नाही तर रूपही करता येत नाही. दोन शब्द ‘आ’वाले पुल्लिंगी, दोन ‘अ’वाले, दोन ‘ई’वाले स्त्रीलिंगी, असे सहा पुरेत. भिंत-विटेसारखे नको, तिथे मोठेही अडखळतील. मूल ‘टोम्यावर’ म्हणालं तर त्या गटाची पट्टी बाजूला ठेवा. ‘टोमेवर’ म्हणालं तर ते हिंदीच्या पुलावर मधेच उभं आहे, उद्या पुन्हा ‘रास्ते पर, रस्त्यावर’च्या ओळी काढा. ‘टोमावर’ म्हणालं तर झडपेच्या पट्ट्या परत त्याच्या हातात द्या, आणि यावेळी डबा-फळा सोडून त्याच्या घरातल्या वस्तूंची नावं त्यालाच विचारून नव्या पट्ट्या लिहा : तवा, पंखा, पाळणा.